शंभर गिऱ्हाइकांची पंगत

नामाच्या रसाच्या गाडीची चाकं काढून आमच्या पलंगाखाली ठेवायची कल्पना माझीच होती, हे मी आधीच कबूल करतो. तेव्हापासून रोज सकाळी केर काढताना माझी पत्नी धम्मदिना त्या चाकांवर झाडू आपटते आणि मला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणते, "सुधारली हो गल्ली!"

चौतीस वर्षं मी चौथीच्या मुलांना भागाकार शिकवला आहे. ज्याने बाकी शून्य येईपर्यंत वाट पाहिली, त्याला झाडूचं काय?

ही सगळी खटपट मंदाच्या खानावळीसाठी होती. भिवंडीतल्या आमच्या कासारगल्लीत मंदाची खानावळ आहे. महिन्याच्या बोलीवर जेवणारे लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कामगार हेच तिचं गिऱ्हाईक. एके काळी ऐंशी जण जेवायचे. दिवसपाळीचा उठला की त्याच बाकावर रातपाळीचा बसायचा, बाक कधी थंड होत नसे. मग लूम भंगारात जायला लागले, कामगार गावी गेले, गल्लीतली पोरं वडपे गावातल्या मोठ्या गोडाऊनांत लागली. ऐंशीचे एकोणीस उरले. एकोणीस ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, आणि तिच्यावर खानावळही चालत नाही.

मंदा माझी विद्यार्थिनी. सतराच्या पाढ्यात अडायची, पण आज ऐंशी माणसांचा भात न मोजता बरोबर टाकते. तिच्याच ओट्यावर मी संध्याकाळी गल्लीतल्या मुलांची शिकवणी घेतो. फी नाही. मुलं वेळेवर येतात ती भाकरीच्या वासाने, हे मला ठाऊक आहे, आणि अपूर्णांक मी भाकरीवरच शिकवतो. पाव भाकरी म्हणजे काय, हे एकदा खाऊन समजलं की जन्मभर विसरत नाही.

तर एका संध्याकाळी मंदा परात घासता घासता म्हणाली, "गुरुजी, वडप्याच्या एका गोडाऊनच्या कँटीनला बोलावलंय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारपासून. त्यांची गाडी न्यायला येणार."

"चांगलं आहे की," मी म्हणालो. तोंडाने म्हणालो.

"हो. डोक्याला जाळी लावायची असते. आणि मीठ आपण टाकायचं नाही."

"म्हणजे?"

"मीठ टाकणारा माणूस वेगळा असतो, गुरुजी."

एवढं बोलून ती परत परात घासायला लागली. पण ती परात आधीच स्वच्छ होती. मी त्याच क्षणी ठरवलं, ही खानावळ बंद होऊ द्यायची नाही.

त्यासाठीची सरकारी योजना मला वर्तमानपत्रात सापडली. ओस पडलेल्या जुन्या बाजारगल्ल्यांना उभारी देण्यासाठी तिथल्या खानावळी-हॉटेलांना मदत. गल्लीला दिवे, फरशी, बाकडी. दुकानांना भांडीकुंडी, शेगड्या आणि वर्षभर भाड्याला हातभार. अटी दोनच. गल्लीत खाण्यापिण्याचे तीन व्यवसाय चालू हवेत, आणि पाहणीच्या दिवशी दुपारी बारा ते दोन या वेळात शंभर गिऱ्हाइकं दिसायला हवीत.

मी अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद उलटेसुलटे केले.

"ही बाजारगल्ली आहे याचा दाखला?"

"साहेब, तिथे बाजार होता."

"आता दिसतो का?"

"आता तेवढा नाही."

"मग बाजारगल्ली कशी?"

"नाही दिसत, म्हणून तर अर्ज केला."

"चालू बाजार दाखवा, मग बंद पडतोय म्हणून लिहा," ते म्हणाले. मला हा माणूस आवडला. चौथीत असं बोलणारी मुलं मला फार भेटली, आणि त्यांच्याशी वाद न घालता त्यांना पुन्हा पुन्हा भेटत राहायचं असतं. पाचव्या फेरीला त्यांनी शिक्का मारला. माझा विश्वास आहे की त्यांना विषय समजला. धम्मदिनाचा विश्वास आहे की ते कंटाळले.

आता तीन व्यवसाय. एक मंदाची खानावळ. दुसरं मोमीनचाचांचं चहाचं दुकान, जिथे दिवसाला चाळीस चहा विकले जातात आणि त्यातले सहा चाचा स्वतः पितात. तिसरा नामा, उसाचा रस. पण नियमात लिहिलं होतं, 'फिरता व्यवसाय ग्राह्य नाही', आणि नामाच्या गाडीला चाकं होती.

"चाकं काढू," मी म्हणालो.

"गुरुजी, गाडीची चाकं काढली तर ती गाडी कशी?"

"तेच तर पाहिजे."

आम्ही गाडी विटांवर चढवली आणि चाकं सुरक्षित राहावीत म्हणून आमच्या पलंगाखाली ठेवली. दुसऱ्याच दिवशी अतिक्रमणवाल्यांचा ट्रक आला. एरवी ट्रक दिसला की नामा गाडी ढकलत मागच्या बोळात पसार व्हायचा. त्या दिवशी तो विटांपाशी हात बांधून उभा राहिला. अधिकारी म्हणाले, फिरत्या गाडीला आम्ही समज देऊन सोडतो, पण हे तर पक्कं बांधकाम आहे. गाडी ट्रकात चढली. नामा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "चाकं असती तर पळालो असतो, गुरुजी." दंड मी भरला. गाडी अजून सुटायची आहे, आणि नामा सध्या मेव्हण्याच्या दुकानात बसतो. भेटला की नमस्कार करतो, पण पूर्वीसारखा वाकून नाही.

तिसरा व्यवसाय गेला म्हणून मी केसरीनाथला गाठलं. केसरीनाथ भिवंडीजवळच्या कोन गावचा; वडप्याला त्याची गोडाऊनं आहेत आणि आमच्या गल्लीत मंदाच्या भिंतीला लागून त्याचा एक गाळा, सात वर्षं बंद. हाही माझाच विद्यार्थी. आता गळ्यात जाड साखळी, पण मला बघून अजून शर्टाचं वरचं बटण लावतो.

"गुरुजी, गाळा विकायला काढलाय."

"विक. पण पाहणीच्या दिवशी दोन तास उघड. आत कोणी काहीतरी विकायला बसलं म्हणजे झालं."

"आईला विचारतो."

त्याची आई राहीबाई. वय पंचाहत्तर, आवाज पंचवीस. तिने मला अंगणात बसवलं, चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, गालां उघडू, त्यात काय हाय? पन शंभर मानसां कशी येतील?"

"तोच प्रश्न आहे, राहीबाई."

"मानसां मी आनीन. तुमी फक्त बोलवनां करा. हातात कागूद दिल्याबिगर आमच्याकडं कोन हालत न्हाय."

इथे माझ्यातला शिक्षक जागा झाला, आणि माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं तो जागा झाल्यावरच आलेली आहेत. मी ठरवलं, निमंत्रणं मुलांकडून लिहून घ्यायची. पत्रलेखन, शुद्धलेखन, सुवाच्य अक्षर, सगळं एकाच वेळी होईल. फळ्यावर मी नमुना दिला, जो मी चौतीस वर्षं देत आलो होतो: 'बुधवारी दुपारी बारा वाजता कासारगल्लीत आपण सहकुटुंब, सहपरिवार येऊन भोजनाचा स्वीकार करावा व आम्हांस उपकृत करावे, ही आग्रहाची विनंती. आपले नम्र, रवींद्र गुरुजी.' मुलांनी जीव ओतून लिहिलं. एकाही पत्रात वेलांटी चुकली नाही. जेवणाचे पैसे पडतील हे कुठेही नव्हतं, कारण नमुन्यात ते कधीच नव्हतं. निमंत्रणपत्रात किंमत लिहिलेली मी तरी आजवर तपासलेली नाही.

साठ पत्रं राहीबाईला दिली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "मास्तर, आनखी कागूद पाठवा. वरच्या आळीला दिले, खालची आळी रुसलीय." आम्ही आणखी चाळीस लिहिली. मग खालच्या आळीच्या लेकी खारबावला दिल्या होत्या, त्या रुसल्या. त्यांच्यासाठी वीस. पोचलेलं एक पत्र मी पाहिलं, तर त्याच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं. मला जरा शंका आली. पण गावाकडची माणसं कागदाला मान देतात, असं समजून मी कौतुकाने हसलो.

बुधवार मिळवणं हीसुद्धा एक लढाई होती. कार्यालयाने आधी शुक्रवार दिला. शुक्रवारी लूम बंद, मंदाचे एकोणीसही कुठेतरी भटकायला जाणार. मग गुरुवार दिला. गुरुवारी कोनमधली निम्मी घरं मासे खात नाहीत, आणि मंदाच्या बोंबलाच्या कालवणावर तर माझी सगळी भिस्त. मी खिडकीशी उभा राहून हे समजावलं. त्या गृहस्थांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'माशांमुळे दिनांक बदलला', आणि खाली माझी सही घेतली.

बुधवार उजाडला. मंदाने हिंमत करून सव्वाशे माणसांचा स्वयंपाक केला होता. महिन्याभराचा तांदूळ एका दिवसात चुलीवर चढवला होता. केसरीनाथने गाळा उघडून आत टेबल आणि सरबताचे ग्लास मांडले होते. मी इस्त्रीचा सदरा घालून गल्लीच्या तोंडाशी उभा होतो.

अकरा वाजता पहिला टेम्पो आला. मग दुसरा. मग मी मोजणं सोडून दिलं. बायका नवीन साड्यांत, डोक्यात फुलं. कोणाच्या हातात नारळ, कोणाकडे टॉवेल-टोपी, एकीच्या हातात स्टीलचा हंडा. खानावळीच्या बाकांकडे कोणी पाहिलंही नाही. पुरुषांनी उतरल्या उतरल्या रस्ता झाडला आणि दोन्ही बाजूंनी समोरासमोर पंगत धरली. तीनशे तरी माणसं असतील.

मोमीनचाचा दुकानातून बाहेर आले. "मास्टरजी, शादी किसकी है?"

"कोणाची नाही, चाचा. हे गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक नारियल लेके आता है क्या?" असं म्हणून ते चहाचं मोठं पातेलं चढवायला आत गेले.

तेवढ्यात खानावळीतून आवाज आला. राहीबाई सात-आठ बायकांना घेऊन थेट मंदाच्या चुलीपाशी गेली होती.

"माझ्या चुलीला कोणी हात लावायचा नाही, आजी," मंदा पळी घेऊन उभी होती.

"अगो, बोलावल्याघरी आयतां गिलाला बसू काय? सरक. भाकऱ्या आमी करतो."

"हे बोलावल्याघर नाही. खानावळ आहे!"

"मंग हातात कागूद कशाला दिलाव?" असं विचारून राहीबाईने कालवणात बोट बुडवून चाटलं आणि जाहीर केलं, "तिखट कमी हाय."

मंदाचा चेहरा मी चौथीपासून ओळखतो. सतराच्या पाढ्याला व्हायचा तसा झाला. मी मध्ये पडणार होतो, पण मला दोघांनी दंडाला धरून बाहेर नेलं. कार्यक्रम मास्तरांचा, एवढंच गावाला कळलं होतं, आणि कशाचा ते त्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं: मास्तरांची पंचाहत्तरी. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. हे सांगण्याआधीच मला खुर्चीवर बसवून शाल घातली, डोक्यावर टोपी चढवली, मांडीवर नारळ ठेवला आणि कोणा मावशीने दोन्ही गालांना हळद फासली. शेजारच्या खुर्चीवर धम्मदिनाला बसवलं. ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, चार वर्षं वाढली तुमची. चाकंही अजून पलंगाखाली आहेत."

बरोबर साडेबाराला पाहणी अधिकारी मृणाली मॅडम आल्या. हातात टॅबलेट, पायांत बूट, समोर पंगत. त्यांनी विचारलं, "अर्जदार रवींद्र गुरुजी कोण?"

मी उठलो. मांडीवरचा नारळ घरंगळत त्यांच्या बुटापाशी गेला. पिवळ्या गालांनी मी म्हणालो, "मॅडम, ही आमच्या गल्लीतली गिऱ्हाइकं."

त्यांनी पंगतीतल्या एका आजोबांना विचारलं, "काका, जेवणाचे किती दिले?"

आजोबांचा घास हातातच राहिला. "जेवाचं पैसं? मॅडम, आमी पाव्हनं हाव. पैसं देवाचं आमच्या बापजाद्यात न्हाय."

मॅडमनी टॅबलेटवर काहीतरी दाबलं. तेवढ्यात मंदाचे एकोणीस कामगार लूमवरून आले. आत बाकांवर भाकऱ्यांचा ढीग बघून तेही पंगतीला बसले. "तुमी मास्तरांच्या घरचे काय?" असं त्यांना कोणीतरी विचारलं, आणि वादात न पडता ते "हाँ जी" म्हणाले.

"भैया, पैसे दिये?" मॅडमनी विचारलं.

"महीने का है, मैडम."

"आज का?"

"आज का नहीं."

टॅबलेटवर आकडा होता शून्य. मॅडम भल्या बाई होत्या. त्यांना खरंच वाईट वाटलं. "गुरुजी, माणसं आहेत, गिऱ्हाईक नाही. वर सार्वजनिक रस्त्यावर खाजगी समारंभ. परवानगी आहे?" मी काही बोलायच्या आत राहीबाईने त्यांना खांद्याला धरून पंगतीत बसवलं. त्या जेवल्या. बोंबील दोनदा मागून घेतला. पण अहवाल त्यांनी खराच लिहिला.

गुरुवारी संदेश आला: अर्ज नामंजूर.

मंदाच्या खानावळीत तांदळाचा दाणा नव्हता. पाहुण्यांनी हंडा, टॉवेल आणि नारळ ठेवले होते, पण एकोणीस माणसांना रात्री हंडा वाढता येत नाही. मी घरातला तांदूळ उचलून तिला नेऊन दिला. तिने घेतला. "गुरुजी, तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं," ती म्हणाली. माझा सगळ्यात जास्त अपमान त्या वाक्याने झाला. गालावरची हळद धुतली गेली होती, हा अपमान मात्र गेला नाही. नापास मुलालाही मी हे वाक्य कधी म्हटलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा कोनला गेलो. राहीबाईला शांतपणे, सुरुवातीपासून, दुसरीच्या मुलाला सांगावं तसं सगळं सांगितलं: पाहुणा म्हणजे काय, गिऱ्हाईक म्हणजे काय, आणि शनिवारी मंदाला गाडी न्यायला येणार.

राहीबाईने हातातलं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "पोरीच्या हाताला चव हाय, मास्तर. फक्त तिखट कमी."

"तिला सांगितलंत तेव्हा ती चिडली."

"चिडली, मंजी जित्ती हाय." तिने केसरीनाथला हाक मारली. "गाल्याची चावी दे. इकू नको. मी तिथं तांदलाच्या भाकऱ्या आनि सुका जवला इकीन. पोरीला दावते तिखट कसां असतां."

"आई, तुझं वय काय!" केसरीनाथ म्हणाला.

"भाकरीला वय लागतां काय?"

शनिवारी सकाळी मंदाच्या भिंतीला लागून चूल पेटली. मंदा तेव्हा भांडी बांधून ठेवत होती. धूर तिच्या दारातून आत गेला, पाठोपाठ जवळ्याचा वास गेला, आणि मग राहीबाईचा आवाज गेला: "या, या! तिखट खानारे इकडं या!" मंदाने बांधलेली एक परात सोडली. मग दुसरी.

आणि मग जे घडलं ते कुठल्याही योजनेत लिहिलेलं नव्हतं. राहीबाई बसलीय म्हटल्यावर कोनहून तिचे पुतणे, भाचे, सुना, जावई बघायला आले. पण तिच्याकडे जेवायचं कसं? चुलीमागे आत्या, पैसे द्यावेत तर नात्याला बट्टा. फुकट खावं, तर राहीबाईने दारातच पळी उगारून सांगितलेलं: "धंदा हाय, फुकट कोन न्हाय जेवनार!" बिचारे दहा मिनिटं गल्लीत घुटमळले. भूक लागली होती, वासाने जास्तच लागली. शेवटी एकेक जण मान खाली घालून शेजारच्या दारात शिरला, मंदाच्या बाकावर बसला, आणि आधी पैसे देऊन जेवला. मंदाशी कोणाचं काही नातं नव्हतं. पैसे द्यायला मोकळीक होती.

राहीबाईचं काही अडलं नाही. ज्यांची ती कोणीच लागत नव्हती, ते सगळे तिचे: रस्त्यावरचे टेम्पोवाले, मोमीनचाचांकडे चहाला येणारे. चाचा स्वतः दोन भाकऱ्या घेऊन गेले आणि त्या दिवशी सातवा चहा प्याले. मी ओट्यावर बसून नवा अर्ज लिहीत होतो. तीन व्यवसाय, तिन्हींनाही चाकं नाहीत. सोमवारी खिडकीवर जायचं होतं. त्या गृहस्थांना माझी सवय झाली आहे.

साडेबाराला वडप्याची गाडी आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मंदा बाहेर आली, कपाळाला घाम, हातात पळी. आत कोनचे अकरा जण जेवत होते आणि बाकाच्या टोकाला दोघे उभे होते.

"मंदाताई, चला. कँटीनचे लोक थांबलेत."

"अकरा पानं वाढलीत, दोन राहिलीत," ती म्हणाली. मग आत वळून कालवण ढवळलं, चव बघितली, डब्यातून चिमूटभर मीठ घेतलं आणि स्वतःच्या हाताने टाकलं. भिंतीकडे एकदा बघितलं, आणि वर अर्धा चमचा लाल तिखट टाकलं.

"ताई, काय सांगू मी तिकडे?"

"सांग, वेळ नाही. तू जेवलास का?"

तो म्हणाला, नाही. त्याने एकदा गल्लीकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि हात धुवायला पिंपापाशी गेला.